एक साचा, सातशे नौका: ऱ्होड आयलंडच्या पिअर्सन यॉट्सचे प्रकरण

क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या दोन चुलत भावांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर सुरू केलेला नौकांचा कारखाना फायबरग्लासच्या आरंभीच्या मानकऱ्यांत गणला जातो. 1959 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय नौका प्रदर्शनात त्यांनी ‘ट्रायटन’ नावाची 28 फुटी शिडाची नौका मांडली आणि प्रदर्शन संपेपर्यंत तिच्या 17 मागण्या नोंदवल्या गेल्या. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे 1961 मध्ये, कंपनीवरील ताबा ग्रुमन या विमाने बांधणाऱ्या उद्योगसमूहाकडे गेला. 1966 पर्यंत दोन्ही संस्थापक बाहेर पडले होते. त्यांचा माल खपत होता, नाव झाले होते, नौका समुद्रात उत्तम ठरत होत्या. तरीही कारखाना त्यांच्या हातात राहिला नाही. हे कसे घडले, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर भावांच्या स्वभावात किंवा बाजाराच्या लहरीत शोधण्याआधी ज्या पद्धतीने ते नौका घडवत होते त्या पद्धतीत शोधावे लागते, असे माझे मत आहे.

आधीची बारा-पंधरा वर्षे

पिअर्सन बंधूंना ‘फायबरग्लास नौकेचे जनक’ म्हणण्याची प्रथा आहे, पण ती वस्तुस्थितीला धरून नाही. काचेचे तंतू व्यापारी प्रमाणावर काढण्याचे तंत्र 1930 च्या दशकात अमेरिकेत साधले आणि 1938 मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी त्यासाठीच स्थापन झाली. त्या तंतूंना बांधून ठेवणारे, भट्टीच्या उष्णतेविना आणि दाबाविना घट्ट होणारे पॉलिस्टर रेझिन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उपलब्ध झाले. विमानांवरील रडारची आवरणे या मिश्रणातून बनू लागली, कारण ते हलके, मजबूत आणि रडारच्या लहरींना आरपार जाऊ देणारे होते. ओहायोतील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी 1942 मध्येच या मिश्रणाची लहान होडी बनवली होती. देवमाशांच्या शिकारीच्या होड्या बांधणाऱ्या न्यू बेडफर्डच्या बीटल घराण्यातील कार्ल बीटल यांनी युद्ध संपताच साच्यातून होड्या काढण्याचा उद्योग आरंभला. 1951 मध्ये ऱ्होड आयलंडमधील वॉरन या गावी ‘अँकरेज’ नावाच्या कारखान्याने सिडनी हेरेशॉफ यांच्या आराखड्यावरून ‘एरियन’ ही 42 फुटी नौका फायबरग्लासमध्ये बांधली. पश्चिम किनाऱ्यावर सॉसालिटो येथे फिलिप ऱ्होड्स यांनी आखलेली सुमारे 41 फुटी ‘बाउंटी टू’ 1956 च्या सुमारास साच्यातून निघू लागली, आणि मोठी शिडाची नौका एकामागून एक काढण्याचा पहिला मान तिच्याकडे जातो.

म्हणजे पिअर्सन बंधूंनी कामाला हात घातला तेव्हा पदार्थ सिद्ध झालेला होता, आणि ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट उपसागराच्या काठावर तो हाताळणारे कारागीरही होते. सामान्य पगारदार कुटुंबाला परवडेल, चार माणसे झोपू शकतील आणि किनारा सोडून खुल्या समुद्रात नेता येईल अशी नौका मात्र या पदार्थातून कोणी काढलेली नव्हती.

सीकॉंकचे गॅरेज

दोघेही ब्राऊन विद्यापीठाचे पदवीधर. सुरुवात झाली ती मॅसॅच्युसेट्समधील सीकॉंक येथील घरच्या गॅरेजात, आणि तीही वल्ह्याच्या व लहान शिडाच्या होड्यांपासून. मोठ्या नौकेच्या मागे ओढून न्यायची, किनाऱ्यावर ये-जा करण्यापुरती अशी ती होडी होती. तिला साचा लहान लागतो, रेझिन थोडे लागते आणि चूक झाली तर नुकसान सोसता येते. या लहान मालावर त्यांचा हात बसला. जागा अपुरी पडली तेव्हा त्यांनी ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टल या गावात बंद पडलेल्या कापड गिरणीची जागा घेतली. न्यू इंग्लंडमधील कापड उद्योग दक्षिणेकडे निघून गेल्यामुळे अशा गिरण्या स्वस्तात मिळत होत्या, आणि ओळीने साचे मांडायला त्यांचे लांबलचक, खांबांवर तोललेले मजले सोयीचे होते.

पुढचे वळण टॉम पॉटर यांनी दिले. नौकांच्या धंद्यात आधीपासून असलेल्या पॉटर यांनी बंधूंपुढे प्रस्ताव ठेवला की 28 फुटी, मुक्कामाची सोय असलेली फायबरग्लासची नौका 10,000 डॉलरच्या आत विकता येईल. आराखडा कार्ल आल्बर्ग यांनी काढला. आल्बर्ग जन्माने स्वीडिश होते. बोस्टनच्या जॉन आल्डन यांच्या प्रसिद्ध कचेरीत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. लांब कणा, अरुंद आणि खोल धड, कण्यालाच जोडलेले सुकाणू आणि तोल राखण्यासाठी तळाशी मुबलक शिसे ही स्कँडिनेव्हियन धाटणी त्यांनी ट्रायटनमध्ये कायम ठेवली. तिची पाण्याच्या पातळीवरील लांबी साडेवीस फूट, रुंदी सव्वाआठ फूट आणि पाण्यातील खोली चार फूट आहे. आजच्या रुंद नौकांपुढे ती आतून चिंचोळी वाटते, पण लाटांत ती शांत चालते आणि वारा वाढला की बावरत नाही.

हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. प्लॅस्टिकच्या नौकेविषयी ग्राहकाच्या मनात शंका होत्या: ती ठिसूळ निघेल, उन्हात विरघळेल, आग लागली तर भडकेल. अशा वेळी आकारही नवखा दिला असता तर शंका दुणावल्या असत्या. ट्रायटनचा पदार्थ नवा होता, पण तिची रेषा लाकडी नौकांवर वाढलेल्या डोळ्यांना ओळखीची होती.

प्रदर्शनासाठी नौका न्यूयॉर्कला नेण्याचा खर्चही बंधूंना उसनवारीने भागवावा लागला. किंमत ठेवली होती 9,700 डॉलर. 17 मागण्या आल्या आणि हाती आलेल्या विसारापेक्षा कितीतरी मोठी जबाबदारी अंगावर पडली.

साच्याचा हिशेब

येथे कामाची पद्धत जवळून पाहिली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातून उद्भवते.

आधी लाकडाची पूर्ण आकाराची नौका घडवली जाते, जी कधीच पाण्यात जाणार नसते. तिचा पृष्ठभाग लांबी (पुट्टी) भरून, घासून, रंगवून आणि पुन्हा घासून आरशासारखा केला जातो, कारण तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा पुढच्या शेकडो नौकांवर उमटणार असतो. तिच्यावर मेण चोळून जाड फायबरग्लासचे थर चढवले जातात, आणि ते घट्ट झाल्यावर उलटून काढले की साचा तयार होतो. मग खरे उत्पादन सुरू होते. साच्याच्या आतल्या बाजूला मेण लावले जाते, त्यावर रंगीत जेलकोट, म्हणजे नौकेचा बाहेरून दिसणारा थर, फवारला जातो आणि तो बोटाला किंचित चिकटेल इतपत सुकला की काचतंतूंची मॅट अंथरली जाते. हार्डनर (घट्ट करणारे रसायन) मिसळलेले रेझिन ब्रशने लावून रोलरने दाबत न्यायचे असते. दुधी पांढरी मॅट रेझिन पिऊन पारदर्शक होत जाते, आणि जिथे पांढरा डाग उरतो तिथे हवा अडकली आहे असे समजून रोलर पुन्हा फिरवायचा असतो. हार्डनर जास्त पडला तर डब्यातले रेझिन तापून धूर सोडू लागते, कमी पडला तर थर दिवसेंदिवस चिकट राहतो. मॅटवर रोव्हिंग, म्हणजे काचतंतूंचे जाड विणीचे कापड, त्यावर पुन्हा मॅट, असे थर चढत जातात. रेझिनमधील स्टायरीन या द्रवाचा उग्र वास आणि अंगाला टोचणारी काचेची कूस यांत दिवस काढणारे कामगार हाच या धंद्याचा पाया होता, याची नोंद कंपन्यांच्या इतिहासात क्वचितच सापडते.

लाकडी नौकेचा खर्च तिच्यासोबतच वाढत जातो. लाकूड, मजुरी आणि वेळ हे प्रत्येक नौकेला नव्याने लागतात. दहावी नौका पहिलीपेक्षा फारशी स्वस्त पडत नाही, पण एकच नौका बांधून थांबले तरी कारागीर बुडत नाही. याच काळात मुंबईत कुलाब्याच्या एका कारखान्यात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 32 फुटी ‘सुहेली’ सागवानात बांधली जात होती. वाकस आणि सामता ही हातअवजारे चालवणाऱ्या सुतारांनी घडवलेली ही नौका 1969 मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली नौका ठरली. लाकूड कमअस्सल होते म्हणून मागे पडले, असा समज त्यामुळे टिकत नाही. ‘सुहेली’ एक होती आणि एकच असणे तिच्या बांधणीला परवडणारे होते.

साच्याचे उलटे आहे. लाकडी नमुना, साचा, डेकचा वेगळा साचा, त्यांचे आधार आणि जागा हा सगळा खर्च पहिली नौका विकण्याआधी करावा लागतो. तो जितक्या जास्त नौकांवर वाटला जाईल तितकी एकेक नौका स्वस्त. 9,700 डॉलर ही किंमत 17 नौकांवर पडूच शकत नव्हती. ती शेकड्यांच्या अपेक्षेवर ठरवलेली होती. त्यात एक साचा एका वेळी एकच धड देतो आणि ते घट्ट होईपर्यंत साचा अडकून राहतो. मागणी दुप्पट झाली तर साचेही दुप्पट करावे लागतात. मागणी कमी झाली तर साचे, गिरणीचे भाडे आणि शिकवून तयार केलेले कामगार तसेच राहतात. शिवाय शिडाच्या नौका वसंत ऋतूत खपतात आणि हिवाळ्यात बांधाव्या लागतात, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने पैसा रेझिन, शिसे, इंजिने आणि डोलकाठ्या यांत गुंतून पडतो. ट्रायटन जितकी खपेल तितकी बंधूंना रोख रकमेची चणचण जास्त भासेल, अशी ही रचना होती.

हेरेशॉफ यार्ड आणि ग्रुमन

1959 मध्येच कंपनीने आपले समभाग लोकांना विकले आणि ब्रिस्टलमधील हेरेशॉफ यार्डची जागा विकत घेतली. या खरेदीचे वजन नौकानयनाच्या जगात फार मोठे होते. जॉन आणि नॅथॅनिएल या हेरेशॉफ बंधूंनी 1878 मध्ये स्थापन केलेल्या या कारखान्यातून 1893 ते 1920 या काळात अमेरिका चषक या आंतरराष्ट्रीय नौकाशर्यतीत चषकाचे रक्षण करणाऱ्या सर्व नौका बाहेर पडल्या होत्या. थोरले जॉन हे अंध होते आणि हाताने चाचपून धडाची घडण पारखत असत. प्रत्येक बरगडीसाठी स्वतंत्र साचा ठेवून तीच नौका पुन्हा बांधता यावी, ही हेरेशॉफ यांची लाकडातली पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कारखाना बंद पडला होता. त्या आवारात फायबरग्लासचे साचे आले, हे अनेक जुन्या जाणत्यांना रुचले नाही. मला मात्र त्यात एका परंपरेचे पुढचे पाऊल दिसते.

1960 पर्यंत कामगारांची संख्या शंभराच्या वर गेली. ट्रायटनच्या जोडीला नवी मॉडेल्स हवी होती, आणि प्रत्येक नव्या मॉडेलचा अर्थ नवा लाकडी नमुना व नवे साचे असा होता. विक्री वाढत असताना कर्ज त्याहून वेगाने वाढले आणि 1961 मध्ये ग्रुमनने कंपनीतील नियंत्रक हिस्सा घेतला. न्यूयॉर्कजवळील बेथपेज येथील या कंपनीने युद्धकाळात अमेरिकी नौदलासाठी ‘वाइल्डकॅट’ आणि ‘हेलकॅट’ ही लढाऊ विमाने बांधली होती. युद्ध संपल्यावर ती अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या होड्याही काढू लागली होती, आणि पुढे चंद्रावर उतरणारे यानही तिनेच बांधले. पत्रा असो वा फायबर, साच्यावर आणि जुळणीवर चालणारे उत्पादन तिला परके नव्हते. आधी पैसा ओतावा लागतो आणि परतावा सावकाश येतो, हे गणित पेलण्याइतके तिचे खिसे खोल होते.

बंधूंनी कंपनी गमावली, असे हे चित्र रंगवले जाते. मला ते अर्धेच पटते. ग्रुमन आली नसती तर ट्रायटनचे उत्पादन मध्येच थांबले असते ही शक्यता बरीच मोठी होती, आणि मग पिअर्सन हे नाव बीटल किंवा ग्रीन यांच्याप्रमाणे केवळ जाणकारांच्या तोंडी राहिले असते. पण ताबा सुटण्याची किंमतही खरी होती. कोणती नौका काढायची, किती जाड थर द्यायचे, कोणत्या महिन्यात किती माणसे ठेवायची हे निर्णय आता हिशेबनिसांच्या मंजुरीने होऊ लागले. क्लिंटन 1964 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी त्याच गावात ब्रिस्टल यॉट्स हा स्वतःचा कारखाना काढला. एव्हरेट 1966 मध्ये निघाले.

दरम्यान नौकांनी आपली बाजू पाण्यावर सिद्ध केली होती. 1964 च्या न्यूपोर्ट ते बर्म्युडा शर्यतीत पिअर्सनच्या ‘इन्व्हिक्टा’ या मॉडेलची ‘बर्गू’ ही नौका विजयी ठरली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली फायबरग्लासची नौका. ज्या वर्षी प्लॅस्टिकच्या नौकेविषयीची शंका निदान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संपली, त्याच वर्षी तिच्या निर्मात्यांपैकी एक कारखान्याबाहेर पडला.

संस्थापकांनंतर

ट्रायटनचे उत्पादन 1967 पर्यंत चालले आणि सातशेहून अधिक नौका निघाल्या. स्पार्कमन अँड स्टीफन्स या आराखडेकारांच्या कचेरीतून आलेले विल्यम शॉ यांनी 1964 नंतर आराखड्यांची सूत्रे घेतली. 1971 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘पिअर्सन 30’ या नौका हजाराहून अधिक खपल्या. कारखाना पोर्ट्समथ येथील मोठ्या आवारात गेला. ग्रुमनने 1986 मध्ये हा उद्योग विकला, आणि 1991 मध्ये पिअर्सन यॉट्सने दिवाळखोरी जाहीर केली. मंदी होतीच, त्यात 1991 च्या जानेवारीपासून अमेरिकेत एक लाख डॉलरवरील नौकांवर, त्या वरच्या रकमेच्या 10 टक्के चैनकर लागू झाला. श्रीमंतांकडून वसुली व्हावी म्हणून आणलेल्या या कराचा फटका रोलर फिरवणाऱ्या कामगारांना बसला, आणि नौकांवरील हा कर 1993 मध्ये मागे घेतला गेला. तोवर उशीर झाला होता.

एव्हरेट यांची वाटचाल अधिक बोलकी आहे. नील टिलॉटसन यांच्यासोबत त्यांनी टिलॉटसन-पिअर्सन ही कंपनी उभी केली आणि 1977 पासून तिने ‘जे 24’ ही 24 फुटी शर्यतीची नौका बांधायला घेतली, जी पुढे जगभर हजारोंच्या संख्येने पसरली. या वेळी आराखडा, नाव आणि विक्री दुसऱ्या कंपनीची होती, एव्हरेट यांच्याकडे केवळ बांधणी होती. पहिल्या अनुभवातून त्यांनी हे मुद्दाम ठरवले होते की नाही हे बाजूला ठेवले, तरी साच्याचा खर्च आणि बाजाराची जोखीम एकाच खांद्यावर न घेण्याची ही व्यवस्था ट्रायटनच्या काळापेक्षा निश्चितच सुरक्षित होती. पुढे याच कंपनीने कोरडे काचतंतू साच्यात अंथरून, वर पिशवी ताणून निर्वात दाबाने रेझिन आत ओढून घेण्याची पद्धत रुळवली, ज्यामुळे स्टायरीनची वाफ कामगाराच्या नाकात जाणे बरेच कमी झाले. तिच्यातूनच पवनचक्कीची पाती बनवणारी टीपीआय ही कंपनी वाढली.

जुन्या नौकांशी स्पर्धा

कारखाना बंद पडण्यामागे मंदी आणि कर यांच्याइतकेच एक कारण त्या मालातच होते. 1960 च्या आसपास या पदार्थाच्या दीर्घकालीन थकव्याचा अनुभव कोणालाच नव्हता, म्हणून बांधणारे जाडी देताना हात आखडत नसत. परिणामी ट्रायटनचे धड साठ वर्षांनंतरही सहसा शाबूत सापडते. नौकानयनपटू जेम्स बाल्डविन यांनी ‘अ‍ॅटम’ नावाच्या जुन्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाकडी नौका दुर्लक्षिली की कुजते आणि नव्या नौकेसाठी गिऱ्हाईक तयार होते. फायबरग्लासची नौका कुंपणाआड वीस वर्षे पडून राहिली तरी धुऊन, रंगवून पुन्हा विकली जाते. 1980 च्या दशकात पिअर्सनच्या नव्या नौकेला सर्वांत कडवी स्पर्धा होती ती पिअर्सनच्याच जुन्या नौकेची.

झीज होते ती डेकची. ट्रायटनचा डेक दोन पातळ थरांमध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचा गाभा घालून केलेला आहे, ज्यामुळे तो पायाखाली ताठ राहतो आणि वजन वाढत नाही. लाकडी गाभ्यावर फायबरचे थर ही कल्पना आपल्याकडेही मोठ्या प्रवासाला उतरली आहे: गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ ही 56 फुटी नौका याच जातीची असून, दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ट्रायटनच्या बाबतीत अडचण बोल्टांच्या भोकांची आहे. प्रत्येक कडी, प्रत्येक खांब डेकला भोक पाडून बसवलेला असतो, आणि भोकाभोवतीचा सीलंट सुकला की पाणी गाभ्यात झिरपते. जुनी ट्रायटन घेणारा जाणकार म्हणून लहान हातोडी घेऊन डेकवर बसतो आणि वितीवितीने ठोकत जातो. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. खडूने त्या जागेभोवती रेघ ओढायची, वरचा थर चौकोनात कापून काढायचा, ओला काळा भुगा खरवडायचा, नवा बाल्सा एपॉक्सीत बसवून वर नवे थर द्यायचे, असे हे काम असते. ते किचकट असले तरी घरच्या अंगणात होऊ शकते, आणि ते शक्य आहे म्हणूनच या नौका अजून हातोहात फिरत आहेत.

ज्या नौका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या त्यांचे काय करायचे, हा प्रश्न पिअर्सन बंधूंच्या पिढीपुढे आलाच नाही. घट्ट झालेले पॉलिस्टर पुन्हा वितळत नाही, त्यामुळे भंगार पत्र्यासारखा त्याला भाव नाही, आणि कचराभूमीत पुरणे किंवा खाडीत सोडून देणे हेच दोन मार्ग वर्षानुवर्षे अवलंबले गेले. अलीकडे ऱ्होड आयलंडमधील नौका व्यावसायिकांच्या संघटनेने जुन्या फायबरग्लास नौका चिरडून सिमेंटच्या भट्टीत वापरण्याचा प्रयोग हाती घेतला आहे. त्यात रेझिन इंधन म्हणून जळते आणि काचतंतूंतील सिलिका सिमेंटमध्ये मिसळून जाते. त्यासाठी नौकेतील शिसे, इंजिन, तारा आणि लाकूड आधी हाताने वेगळे करावे लागते, आणि हाच या कामातील सर्वांत वेळखाऊ व खर्चिक भाग आहे.